सीझिनकोट : चित्रांवरून उभें राहिलेलें एक इंग्रजी घर

(१)

इंग्लंडांतील धनिक घराणीं शहरापासून दूर, आपल्या जमिनीच्या मध्यभागीं जीं मोठीं निवासस्थानें बांधीत, त्यांस तिकडे ‘कंट्री हाउस’ म्हणतात. आपल्याकडील जहागीरदारांच्या वाड्यांशीं त्यांची तुलना कांहीं अंशीं करतां येईल. अशा घरांचे इतिहास तिकडील संशोधकांनीं बारकाईनें लिहिले आहेत. परंतु सामान्यतः आपल्या अभ्यासविषयाशीं त्यांचा संबंध येत नाहीं. ग्लॉस्टरशायर परगण्यांत मॉर्टन-इन-मार्श या गांवाजवळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बांधलेलें सीझिनकोट नांवाचें घर या नियमास अपवाद आहे. त्याच्या माथ्यावर मोंगली घाटाचा घुमट आहे, कोपऱ्यांस छत्र्या आहेत, भिंतींवर खोल छज्जा फिरला आहे. बागेंत सूर्याचें देऊळ आहे, आणि ओढ्यावरील पुलाखालीं घारापुरीच्या लेण्यांतील खांबांच्या धर्तीचे खांब उभे आहेत.

केवळ नवल म्हणून या घराचें वर्णन करावयाचें असतें, तर त्यासाठीं त्रैमासिकाचीं पानें अडविण्याचें कारण नव्हतें. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें असें कीं, सीझिनकोट हा एक दस्तऐवज आहे. सन १८०० च्या सुमारास भारतीय वास्तुकला युरोपीय डोळ्यांनीं कशी वाचली, त्या वाचनांत काय पोंचलें व काय वाटेंत गळालें, याची साक्ष त्याच्या दगडांत आहे. हें घर चित्रांवरून बांधलें गेलें. शिल्पशास्त्राचा एकहि ग्रंथ बांधणारांच्या हातीं नव्हता, व आपल्याकडील एकहि पाथरवट तेथें गेला नव्हता. जुनीं चित्रें, नकाशे व कागद जमविणाऱ्या मंडळींनीं या घराचा विचार करावा, त्याचें कारण हेंच.

(२)

प्रथम बांधणाऱ्यांचा वृत्तांत. कर्नल जॉन कॉकरेल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत होता. स्वदेशीं परतल्यावर त्यानें १७९५ मध्यें सीझिनकोटची मिळकत विकत घेतली. परंतु १७९८ मध्यें तो वारला, व ती त्याचा भाऊ चार्ल्स (१७५५–१८३७) याजकडे आली. चार्ल्सनेंहि कलकत्त्यास कंपनीची नोकरी केली होती व पेढीच्या व्यवहारांत मोठी संपत्ति मिळविली होती. पुढें तो पार्लमेंटाचा सभासद झाला, व १८०९ मध्यें त्यास बॅरोनेट ही पदवी मिळाली. आणखी एक भाऊ सॅम्युअल पीप्स कॉकरेल (१७५३–१८२७) हा वास्तुशिल्पी होता. सतराव्या शतकांतील प्रसिद्ध इंग्रज दैनंदिनीकार सॅम्युअल पीप्स याच्या बहिणीच्या वंशांतलें हें कुटुंब. त्यावरून त्याचें हें नांव. १८०६ पासून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील इमारतींचा सर्व्हेअर होता. भावाचें घर त्यानेंच आंखलें, व १८०५ च्या सुमारास कामास प्रारंभ झाला.

या दोघा भावांना हिंदुस्थानची आठवण देणारा एक शेजारी जवळच होता. वॉरन हेस्टिंग्ज यानें १७८८ मध्यें आपल्या पूर्वजांची डेल्सफर्ड येथील जमीन परत विकत घेतली होती, आणि तेथील नवें घरहि सॅम्युअल कॉकरेल यानेंच बांधलें. तेथेंहि घुमट आहे, व आंतील संगमरवरी कामांत भारतीय आकृति आहेत. परंतु एकंदर घराचा तोंडवळा युरोपीयच आहे. त्या काळीं हिंदुस्थानांतून पैसा घेऊन परतणारांस इंग्लंडांत ‘नबाब’ म्हणून हिणवीत. हेस्टिंग्जवरील पार्लमेंटांतील खटला १७८८ पासून १७९५ पर्यंत चालला होता. अशा वातावरणांत परतलेल्या बहुतेक मंडळींनीं ग्रीक-रोमन पद्धतीचीं स्तंभयुक्त घरें बांधून आपल्या संपत्तीचा उगम डोळ्यांआड ठेवला. चार्ल्स कॉकरेल यानें उलट मार्ग धरला, व आपला पैसा कोठून आला हें घराच्या माथ्यावर चढविलें.

(३)

आतां या घराचा खरा सूत्रधार कोण, तें पाहूं. सॅम्युअल कॉकरेल स्वतः हिंदुस्थानांत कधीं आला नव्हता. त्यास जें भारतीय रूप द्यावयाचें होतें, तें थॉमस डॅनियल (१७४९–१८४०) या चित्रकाराकडून मिळालें. थॉमस व त्याचा पुतण्या विल्यम (१७६९–१८३७) हे दोघे १७८६ मध्यें कलकत्त्यास पोंचले. १७८८ ते १७९१ या काळांत त्यांनीं गंगेच्या कांठानें वर जाऊन आग्रा, दिल्ली व पुढें गढवालांतील श्रीनगरपर्यंत प्रवास केला. १७९२ मध्यें ते दक्षिणेंत मद्रास, म्हैसूर व मदुरा या भागांत फिरले. आणि १७९३ मध्यें मुंबईस आले. तेथें जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारासह त्यांनीं घारापुरी, कान्हेरी व कार्लें येथील लेणीं पाहिलीं. १७९४ मध्यें ते इंग्लंडास परतले.

या प्रवासांतील चित्रांवरून त्यांनीं ‘ओरिएंटल सीनरी’ नांवाचा चित्रसंग्रह काढला. १७९५ पासून १८०८ पर्यंत सहा भागांत त्याचीं एकंदर १४४ चित्रें प्रसिद्ध झालीं. चित्र काढतांना ते ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ नामक यंत्राचा उपयोग करीत. त्यांत भिंगांतून आलेली समोरच्या दृश्याची प्रतिमा कागदावर पडते व तिच्या रेषा गिरवितां येतात. त्यामुळें या चित्रांतील इमारतींची बाह्यरेषा व निरनिराळ्या भागांचें परस्परप्रमाण पूर्वीच्या युरोपीय चित्रांपेक्षां पुष्कळच विश्वसनीय आहे. पूर्वीचे प्रवासी आपल्या देवळांस गॉथिक चर्चचें रूप देत. डॅनियल यांनीं तसें केलें नाहीं. त्यांच्या चित्रांवरून एखादा वास्तुशिल्पी घर बांधूं शकेल, इतका भरवंसा प्रथमच निर्माण झाला.

या दिशेनें पहिला लहान प्रयोग डॅनियलनें स्वतःच केला होता. १८०० मध्यें हॅम्पशायर परगण्यांतील मेल्चेट पार्क येथें हेस्टिंग्जच्या सन्मानार्थ त्याच्या एका चाहत्यानें बागेंत हिंदु पद्धतीचें लहान मंदिर उभारलें. त्याचा आराखडा थॉमस डॅनियलचा होता. देवाच्या जागीं त्यांत हेस्टिंग्जचा अर्धपुतळा होता. मूर्तीच्या जागीं गव्हर्नर जनरल बसविणें हा प्रकार आपणांस विलक्षण वाटेल. पण आकार उचलावा व अर्थ मागें ठेवावा, या पुढील घटनेचें तें बीज आहे.

(४)

सीझिनकोटचें घर तेथल्याच पिंवळसर, मधाच्या रंगाच्या दगडाचें आहे. मधला भाग चौकोनी व भरीव. त्यावर मधोमध तांब्याच्या पत्र्यानें मढविलेला, कांद्याच्या आकाराचा घुमट. हवेनें तांब्यावर जंग चढून तो हिरवा झाला आहे. प्रवेशद्वाराभोंवतीं उंच कमानीचा खोल कोनाडा आहे. आग्रा-दिल्लीकडील मशिदींच्या व कबरींच्या दर्शनी भागांत जो असतो, त्याचीच ही प्रतिकृति. खिडक्यांच्या माथ्यावर मोराच्या पिसाऱ्यासारख्या पसरलेल्या पाकळीदार महिरपी आहेत. घराच्या बगलेहून एक वनस्पतिगृह अर्धवर्तुळांत वळत जातें, व त्याच्या टोंकास एक अष्टकोनी मंडप आहे. या वनस्पतिगृहाच्या कांचांवरहि त्याच महिरपींची रांग आहे.

यांतील प्रत्येक अवयव ओळखीचा आहे, आणि प्रत्येकाचें काम बदललेलें आहे. छज्जाचेंच उदाहरण घेऊं. आपल्याकडे छज्जा हा गरजेंतून निर्माण झाला. माध्यान्हीचें ऊन जवळजवळ डोक्यावरून येतें, म्हणून भिंतीबाहेर दोन हात दगड काढला कीं खिडकी छायेंत राहते; पावसाळ्यांत तोच दगड भिंतीवरची झड अडवितो. सीझिनकोट सुमारें ५२ अक्षांशावर आहे. तेथें सूर्य वर्षांतून बहुतेक काळ खालून, तिरपा येतो, व घरांत ऊन यावें अशीच रहिवाशाची इच्छा असते. म्हणून तेथें छज्ज्याच्या खालीं मोठमोठ्या कांचेच्या खिडक्या आहेत. छाया देणें हें छज्ज्याचें काम उरलें नाहीं. भिंतीच्या माथ्यावर एक गडद आडवी रेघ उमटविणें हें नवें काम त्यास मिळालें. चित्रांत छज्जा जसा दिसतो, तसाच तो तेथें वापरला आहे.

छत्र्यांचेंहि तसेंच. राजस्थानी वाड्यावर किंवा मोंगली इमारतीवर छत्रीखालीं माणूस उभा राहतो, वारा घेतो, दूरवर पाहतो. सीझिनकोटच्या कोपऱ्यांवरील छत्र्या लहान आहेत. आकाशाच्या पार्श्वभूमीवर घराची बाह्यरेषा तुटक व नाजूक दिसावी एवढ्यासाठींच त्या आहेत.

(५)

हा बाहेरचा पोशाख झाला. आंत प्रवेश करतांच हिंदुस्थान जवळजवळ संपतो. मध्यभागीं मोठा जिना आहे. तो एका ओळीनें चढून पुढें दुभंगतो व दोन बाजूंनीं मागें वळून वरच्या मजल्यास मिळतो. त्याचा भार नक्षीनें कोरलेल्या ओतीव लोखंडाच्या तुळयांवर आहे. त्या काळच्या इंग्लंडांत घरगुती कामांत लोखंडाचा असा उघड उपयोग नवाच होता. मुख्य दिवाणखाना वरच्या मजल्यावर असून त्याची पुढें आलेली फुगीर खिडकी बागेकडे पाहते. छताची नक्षी, शेकोट्या, दरवाज्यांच्या चौकटी या सर्वांवर ग्रीक-रोमन वळण आहे.

येथें वास्तुविद्येचा एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. आपल्या परंपरेंत घराची ओळख प्रथम त्याच्या आंखणीवरून होते. चौसोपी वाडा म्हटला कीं चौक, ओसरी, माजघर, देवघर हा क्रम मनांत येतो. भिंतीवरील कोरीव काम त्यानंतर. शिल्पग्रंथांतहि भूपरीक्षा, दिक्साधन व पदविन्यास हे विषय आधीं आणि अलंकार मागाहून येतात. सीझिनकोटची आंखणी मात्र पूर्णपणें इंग्रजी आहे. चौक नाहीं, ओसरी नाहीं, आंतलें-बाहेरचें असा स्त्रीपुरुषांच्या वावराचा भेद नाहीं. एका इंग्रज गृहस्थाच्या सुखसोयींचें घर आधीं आंखलें, व त्याला बाहेरून मोंगली वेष चढविला.

याचें कारण सॅम्युअल कॉकरेलची अनास्था असें मानणें अन्यायाचें होईल. त्याच्यापुढें जीं साधनें होतीं त्यांचाच तो दोष आहे. डॅनियलचीं चित्रें इमारतीच्या समोर कांहीं अंतरावर उभें राहून काढलेलीं आहेत. त्यांत उंची, रेषा, छाया, झाडें, माणसें सर्व आहे. आंखणीचा नकाशा नाहीं. ज्या घराचें चित्र मिळालें, त्याचा चेहरा इंग्लंडांत पोंचला. त्याचें पोट पोंचलें नाहीं.

(६)

घराहून बागेची कथा वेगळी आहे. येथें डॅनियलचा हात प्रत्यक्ष फिरला. घर मोंगली पद्धतीचें, तर बाग हिंदु पद्धतीची, असा भेद तेथें स्पष्ट दिसतो. उतारावर एक झरा आहे. त्याच्या वरच्या अंगास कुंड असून कुंडाच्या माथ्याशीं सूर्याचें लहान देऊळ आहे. त्यांतील मूर्ति ‘कोड स्टोन’ या नांवाच्या, भट्टींत भाजून केलेल्या कृत्रिम दगडाची आहे. तेथून पाणी लहान लहान डबक्यांतून खालीं उतरतें. घराकडे जाणारा रस्ता त्यावरून पुलानें जातो. पुलाच्या कठड्यांवर नंदी बसविले आहेत, व पुलाखालीं खांबांच्या रांगेमधून पाण्याच्या कडेनें जाण्यास दगड मांडलेले आहेत. आणखी खालीं झाडाच्या बुंध्यास वेढे दिलेला तीन फण्यांचा धातूचा नाग असून त्याच्या मुखांतून पाणी उडतें.

कुंड, देऊळ, नंदी, नाग ही सामग्री आपल्या कोणत्याहि तीर्थाच्या ठिकाणीं सहज सांपडेल. परंतु मूर्तिशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां त्यांचा परस्परसंबंध जुळत नाहीं. नंदी हा शिवाचा. त्याचें स्थान गर्भगृहासमोर, लिंगाकडे तोंड करून. त्याच्या दृष्टीची रेषा ओलांडूं नये म्हणून भाविक बाजूनें जातात. सीझिनकोटचे नंदी सूर्याच्या परिवारांत येऊन पडले आहेत, व ते देवाकडे पाहण्याऐवजीं रस्त्याची राखण करतात.

तथापि डॅनियलनें ही मांडणी निष्काळजीपणें केली असें नाहीं. त्यानें १८१०–११ च्या सुमारास चार्ल्स कॉकरेल यास लिहिलेलीं पत्रें उपलब्ध आहेत. नंदी कोठें बसवावे याविषयीं त्यांत चर्चा असून, एके ठिकाणीं तो देवांचा शिल्पी विश्वकर्मा याचें नांव घेतो. विश्वकर्म्यानें येऊन सीझिनकोटवर एक नजर टाकली, तर नंदीस याहून चांगली जागा नाहीं असेंच तो म्हणेल, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. विश्वकर्मा कोण हें ठाऊक असलेला, आणि तरीहि नंदीची जागा केवळ दृश्याच्या शोभेवरून ठरविणारा, असा हा मनुष्य होता.

पुलाखालचे खांब या सर्वांत अधिक विचार करण्यासारखे आहेत. घारापुरीच्या मोठ्या लेण्यांतील खांब पुष्कळांनीं पाहिले असतील. खालचा अर्धा भाग साधा चौकोनी. त्यावर उभ्या पन्हळींचा गोल भाग. आणि त्यावर भाराखालीं चेपल्यासारखी दिसणारी, आवळ्यासारख्या रेघांची गादी. सहाव्या शतकाच्या सुमारास हें लेणें खोदलें गेलें असें अभ्यासक मानतात. त्यांत खांब ‘उभारलेला’ नाहीं. भोंवतालचा डोंगर काढून टाकल्यावर जो राहिला, तो खांब. संस्कृतांत दगड रचण्यास चयन आणि ताशीव कामास तक्षण म्हणतात. घारापुरीचें काम शुद्ध तक्षणाचें आहे. त्या खांबाची जाडी आणि चेपलेली गादी हीं डोंगराच्या भाराचें भान देतात, व अंधाऱ्या लेण्यांत त्यांचें गांभीर्य वाढतें. ग्लॉस्टरशायरमध्यें तोच आकार चयनानें, म्हणजे घडविलेल्या दगडांची मांडणी करून उभारला, व त्यावर गाडीरस्त्याचा भार दिला. आकार बहुतांशीं राहिला, घडण उलट झाली.

मात्र येथें एक गोष्ट डॅनियलच्या बाजूनें सांगितली पाहिजे. घराच्या घुमटाच्या मानानें हे खांब अधिक खरे आहेत. ते छायेंत आहेत, पाण्याजवळ आहेत, त्यांवर खरोखर भार आहे, आणि त्यांच्यामधून वांकून चालणाऱ्यास लेण्यांतल्यासारखी थंडी लागते. घारापुरी त्यानें स्वतः हिंडून पाहिली होती. चित्रकारानें जागेवर उभें राहून जें अनुभविलें, त्याचा कांहीं अंश चित्रांत न मावतांहि बागेंत उतरला.

(७)

या प्रयोगाचा परिणाम त्वरित झाला. उद्यानरचनाकार हंफ्री रेप्टन याचा सल्ला सीझिनकोटच्या कामीं घेतला होता, व तेथील कामानें तो प्रभावित झाला. १८०७ मध्यें इंग्लंडच्या युवराजानें, म्हणजे पुढील चौथ्या जॉर्जनें, सीझिनकोटला भेट दिली असें सांगतात. रेप्टननें त्याच्या ब्रायटन येथील राजवाड्यासाठीं भारतीय पद्धतीचे आराखडे करून १८०८ मध्यें ते ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. ते अमलांत आले नाहींत. पण पुढें १८१५ पासून जॉन नॅश यानें त्या वाड्यास जें घुमट-मिनारांचें रूप दिलें, त्यामागें सीझिनकोट व डॅनियलचा चित्रसंग्रह हीं दोन्ही होतीं. ब्रायटनचें घर प्रसिद्धीस चढलें. मूळ घर मागें राहिलें. घरांच्या बाबतींत ही पद्धति तेथेंच थांबली. तिची परंपरा निर्माण झाली नाहीं.

सीझिनकोट १८८४ पर्यंत कॉकरेलच्या वंशजांकडे होतें. त्या वर्षीं तें विकलें गेलें. १९४४ मध्यें पुन्हां हस्तांतर झालें, व नव्या मालकांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर मोडकळीस आलेल्या भागांची मोठी दुरुस्ती केली. त्यामुळें घर व बाग दोन्ही टिकलीं आहेत.

(८)

आतां पुण्याशीं असलेला धागा. मुंबईस डॅनियल यांच्याबरोबर लेणीं पाहणारा जेम्स वेल्स (१७४७–१७९५) हा पेशव्यांच्या दरबारांतील इंग्रज वकील सर चार्ल्स वॉर मॅलेट याच्या आश्रयानें पुण्यास राहत असे. त्यानें काढलेलें सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें चित्र वाचकांस परिचित आहे. वेल्सनें वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें केलीं. परंतु तीं प्रसिद्ध होण्यापूर्वींच, १७९५ मध्यें तो साष्टींत वारला. त्याची कन्या सुझाना हिच्याशीं पुढें मॅलेटनें विवाह केला, व वेल्सचीं चित्रें थॉमस डॅनियलच्या हातीं आलीं. त्यांवरून डॅनियलनें १८०३ मध्यें वेरूळचा २४ चित्रांचा संग्रह काढला. तो ‘ओरिएंटल सीनरी’चाच एक भाग होय. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्याच मुलखांत असईची लढाई झाली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

मॅलेटनें १७९० च्या तहाच्या वेळचा पेशव्यांचा दरबार दाखविणारें मोठें चित्रहि वेल्सकडून करून घ्यावयाचें ठरविलें होतें. वेल्सच्या मृत्यूनंतर तें काम डॅनियलकडे आलें, आणि त्यानें तें १८०५ मध्यें पुरें केलें. आज तें लंडनच्या टेट संग्रहांत आहे. म्हणजे ज्या सुमारास सीझिनकोटचें काम सुरू होत होतें, त्याच सुमारास डॅनियलच्या चित्रशाळेंत शनिवारवाड्यांतील गणपतीचा दरबार कापडावर उतरत होता. पुणें शहर डॅनियलनें स्वतः पाहून चितारलें असें नाहीं. त्याचा सारा आधार दुसऱ्यांचे कागद.

आणि या कागदांमागें आणखी एक हात होता. गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट हा पुण्याचा चित्रकार मॅलेट व वेल्स यांच्याकडे काम करी. त्यानें वेरूळ व कार्लें येथील लेण्यांचीं रेखाचित्रें काढलीं. त्याचीं पुष्कळ चित्रें आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहांत आहेत. १८०३ च्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर वेल्सचें नांव आहे व डॅनियलचें आहे, गंगारामाचें नाहीं. त्याचें नांव पुढें ओळखतां आलें, तें त्याचे मूळ कागद मॅलेटच्या संग्रहांत जपून राहिले म्हणून. कागद सुटे होऊन बाजारांत गेले असते, तर तीं चित्रें ‘एका देशी चित्रकाराचीं’ एवढ्या वर्णनावरच राहतीं.

(९)

डॅनियलच्या चित्रांस जोड देईल असें शास्त्र त्या काळीं युरोपांत नव्हतें काय? नव्हतें. आपल्या शिल्पग्रंथांचा पहिला व्यवस्थित परिचय बंगळूरच्या रामराज यांच्या निबंधानें झाला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १८३४ मध्यें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनें छापला. मानसार व इतर ग्रंथांच्या पोथ्या मिळवून, त्यांतील परिभाषा प्रत्यक्ष काम करणाऱ्या शिल्प्यांकडून समजून घेऊन त्यांनीं तो सिद्ध केला होता. मयमत १९१९ मध्यें त्रिवेंद्रमहून, व समरांगणसूत्रधार १९२४–२५ मध्यें बडोद्याहून मुद्रित झाले. दोहोंचे संपादक गणपतिशास्त्री. मानसाराची प्रसन्नकुमार आचार्य यांची आवृत्ति त्याच्याहि नंतरची. अर्थात् सीझिनकोट उभें राहिलें तें रामराज यांच्या निबंधाच्या जवळजवळ तीस वर्षें आधीं.

रामराज यांस स्तंभाचें मान, त्याच्या उंचीचे भाग, पीठ व बोधिका यांचें प्रमाण पोथींतून मिळालें. डॅनियलला त्याच स्तंभाचें दर्शन मिळालें, प्रमाणाचा नियम मिळाला नाहीं. चित्र एका वस्तूचें एका क्षणाचें रूप सांगतें. शास्त्र त्या जातीच्या सर्व वस्तु कशा कराव्या तें सांगतें. चित्रावरून नक्कल होते. शास्त्रावरून नवी कृति होऊं शकते. सीझिनकोट एकटें राहिलें, त्याला वंश मिळाला नाहीं, याचें एक कारण माझ्या मतें यांत आहे. उलट नुसतें शास्त्रहि अपुरें आहे, हें पोथ्या वाचणारांस सांगावयास नको. शिल्पग्रंथांतील कित्येक संज्ञा प्रत्यक्ष खांबावर बोट ठेवल्याखेरीज उलगडत नाहींत, आणि जेथें खांब पडला आहे तेथें जुनें चित्र हाच आधार उरतो.

तेव्हां निष्कर्ष असा. पोथी, चित्र आणि वास्तु हीं तीन साधनें एकमेकांस तपासून घेण्यासाठीं आहेत. त्यांतील कोणतेंहि एक हातीं धरून केलेलें अनुमान सीझिनकोटच्या घरासारखें होतें, दर्शनीं सुंदर व आंत परकें. आपल्या इकडील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत हिशेबांच्या व पत्रांच्या रुमालांत कधीं कधीं एखाद्या वाड्याचा, देवळाचा किंवा घाटाचा रेखाटलेला कागद सांपडतो. दफ्तर निवडतांना तो ‘चित्र’ म्हणून वेगळा काढला जातो, चौकटींत बसविला जातो, व तो कोणत्या रुमालांत, कोणत्या पत्राबरोबर होता हें कायमचें विसरलें जातें. तसें होऊं देऊं नये. कागद ज्या रुमालांत मिळाला त्याची नोंद त्याच्या पाठीवर नव्हे तर वेगळ्या चिठ्ठीवर करावी. कागदावर मापें, कारागिराचें नांव अथवा मोडी अक्षरांत कांहीं खूण असल्यास ती जशीच्या तशी उतरून घ्यावी. आणि बरोबरचीं पत्रें व हिशेब त्याजपासून तोडूं नयेत. गंगारामासारखीं आणखी नांवें या कागदांतून निघण्याचा संभव आहे.